मैना बसायला शिकली

आबाजीच्या मैनेचं बूड एका जागी कधी टेकलंच नाही. जेवायला बसली तर दोन घास खाऊन उठायची, अंगणात एक चक्कर मारून यायची आणि मग तिसरा घास. गोदा, तिची आई, त्या ताटावर झाकण ठेवून ठेवून कंटाळली होती. विहिरीवर पाठवावं तर दोर एकीकडे, कळशी दुसरीकडे आणि मैना तिसऱ्याच कुणाच्या चिंचेवर. गुरं राखायला धाडलं तर संध्याकाळी गुरं आपापली घरी येत आणि मैनेला शोधायला माणूस पाठवावा लागे. पोर वाईट मुळीच नव्हती. खोटं बोलत नसे, कुणाच्या काडीला हात लावत नसे, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर भारा दिसला की धावत जाऊन आपल्या डोक्यावर घ्यायची. आता तो भारा ठरल्या घरी पोचायचा की वाटेतच कुठे राहायचा, ते एक देवाला ठाऊक.

गावात जो तो औषध सांगे. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे जंत झालेत. चौक गावाच्या बाजूला एक अंगारा देणारा होता, त्याच्याकडेही गोदा पोरीला घेऊन गेली. पण अंगारा लावून घ्यायलासुद्धा मैना उभी राहीना, आणि निम्मा अंगारा त्या बाबाच्याच डोळ्यांत गेला. पुढे कितीतरी दिवस आबाजी हा किस्सा सांगून हसायचा.

आबाजी खालापूर तालुक्यातला भातशेतीवाला. त्याच्या बापाने जन्मभर खोताची जमीन कसली आणि आईने जन्मभर खोताच्या घरी पाणी भरलं. त्या काळी जमीन कसायला घेतली की घरच्या बाईने खोताच्या विहिरीचं पाणी ओढायचं, त्याचं अंगण झाडायचं हे धरूनच चालायचं. त्याला मजुरी नव्हती, त्याला वेठ म्हणत. खोतीणबाई तर भरलेला रांजण ओतून देऊन पुन्हा भरायला लावायची, का तर म्हणे पाण्यात काडी दिसली. आबाजीने लहानपणी हे सगळं आईच्या पदराला धरून बघितलं होतं. मग कूळकायदा आला, जमीन आबाजीच्या नावावर झाली, आणि त्या दिवशी त्याची मान जी ताठ झाली ती पुन्हा खाली यायचं नावच घेईना.

त्याने ठरवून टाकलं होतं की मैना सातवी करणार आणि मास्तरीण होणार. सातवी झालेल्याला मास्तरकी मिळायची ते दिवस होते. "माजी पोर खुर्चीवर बसंल," असं तो इतक्यांदा म्हणे की गोदा वैतागून म्हणायची, "आदी पाटावर तर बसू दे."

गावची शाळा एका मास्तरची. पहिल्या मास्तरांच्या हाताखाली मैना छड्या सोडून काही शिकली नाही. त्यांची बदली झाली आणि कर्जतच्या सरोजिनीबाई आल्या. शहरी, गोऱ्या, बारीक आवाजाच्या. गावाने पहिल्या दिवशीच निकाल दिला की ही बाई चार दिवस टिकायची नाही. पण बाई टिकल्या, आणि नवल म्हणजे मैना शिकू लागली. दिवाळीच्या आत ती बापाला विसापर्यंत पाढे म्हणून दाखवू लागली; ते म्हणताना अंगणात गरगर फिरायची, पण म्हणायची एकदम बरोबर. आबाजीला स्वतःला बाराच्या पुढे येत नव्हतं. तो येईल त्या पाहुण्यापुढे पोरीला उभं करी आणि पाहुण्याला चहा मिळायच्या आधी पाढे ऐकावे लागत. हे घडलं कसं, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. आंबा गोड लागला की कलम कुणी केलं ते कोण विचारतो.

विचारलं ते शेजारच्या चिंधीने, आणि तेही भलत्याच तऱ्हेने. भाताची कापणी चालली होती, सगळे बांधावर भाकरी खायला बसले होते. चिंधी हसत हसत म्हणाली, "भावजी, मैनाला पगार किती देते वो बाई?"

"कसला पगार?"

"आमची पोरं सांगतात ना. सगळी पोरं बसतात आन् तुमची मैना पानी भरते. घंटा बी तीच वाजवते, झाडते बी तीच. म्हनलं, शाळंनं गडी ठेवली काय."

सगळे हसले. चिंधीच्या मनात काळंबेरं नव्हतं, तिला तेवढीच गंमत. पण आबाजीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तो उठला आणि तसाच, पायाची माती न झाडता, शाळेकडे निघाला.

शाळेत पोरं रांगेने बसून धडा वाचत होती. बाई खुर्चीवर होत्या. आणि मैना कमरेवर कळशी घेऊन विहिरीकडून रांजणाकडे चालली होती. ती चालताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, पण आबाजीला ते ऐकू आलं नाही. त्याला कळशी दिसली आणि तेवढंच दिसलं.

"बाई," तो दारातूनच ओरडला, "माजी पोर शिकायला येते का पानी भरायला?"

बाई गडबडून उठल्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, तो आत गेला नाही. मग त्याच बाहेर आल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. "आबाजी, ती बसली की तिचं डोकं बंद होतं. चालायला लागली की सुरू होतं. मी खूप करून बघितलं. आता एका खेपेला एक पाढा म्हणायचा असं आमचं ठरलंय. रांजण भरला की ते पाणी झाडांना घालायचं आणि पुन्हा भरायचा."

"म्हंजी गरज नसताना?"

"हो, म्हणजे, पाण्यासाठी नाहीच ते."

हे ऐकलं आणि आबाजीच्या डोळ्यांपुढे खोताचा रांजण उभा राहिला. खरं सांगायचं तर त्यानंतर बाई काय म्हणाल्या ते त्याने ऐकलंच नाही. बाई म्हणत होत्या, "माझा एक भाऊ होता, विष्णू, तो अगदी असाच—" पण आबाजीने त्यांना मध्येच तोडलं.

"माज्या आयनं पानी भरलं तुमच्या लोकांचं. भरलेला रांजन ओतून पुन्यांदा भरला तिनं. आता ती वेठ संपली, बाई. जमीन आमची हाय, पोर आमची हाय. ती नाय भरनार पानी. बाकीची बसतात तशी बसंल."

मैना कळशी घेऊन तिथेच उभी होती आणि एकदा बाईंकडे, एकदा बापाकडे बघत होती. बाईंचा चेहरा लाल झाला. जात एक असली तरी त्या खोताच्या कुणी लागत नव्हत्या, पण त्या परक्या गावात, त्या माणसापुढे, त्यांना त्या क्षणी तसं म्हणता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. उद्यापासून बसेल."

आबाजी छाती काढून घरी आला. गाव खूश झालं. बाईला बरोबर सुनावलंस, असं म्हणत लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सुनावण्याची ती गोष्ट त्याने किती ठिकाणी सांगितली त्याला गणती नाही, आणि दर वेळी त्यात एखादं वाक्य वाढायचं.

मैना बसू लागली. पहिले काही दिवस सवयीने उठायची, तेव्हा पोरंच तिला दटावायची, "मैने, बस, तुजा बा येल." घरीही आबाजीने मनावर घेतलं. संध्याकाळी दिवा लागला की तो तिला पाटावर बसवी, हाताची घडी, तोंडावर बोट. हलली की गुडघ्यावर फोक. जोरात नव्हे हो, आठवण राहण्यापुरता. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच तो मारत होता, आणि मारून झाल्यावर गूळ देत होता. शिमग्यापर्यंत मैना बसायला शिकली. पाढे मात्र तिला येईनासे झाले. बाईंनी विचारलं की ती उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. बाईंनी एकदोनदा निरोप धाडला, आबाजी, एकदा येऊन जा. आबाजी म्हणाला, सवड नाही.

त्या आषाढात त्याच्या शेतात लावणी चालली होती. आबाजी औत धरून चिखल करत होता आणि मैना रोपांच्या जुड्या टोपलीत घालून रोपं वाढवलेल्या राबावरून लावणीच्या खाचरात आणून टाकत होती. जायची, यायची, जायची, यायची. एका फेरीला ती औताच्या अगदी जवळून गेली आणि आबाजीला ऐकू आलं, "सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट." पुढच्या फेरीला अठरा. त्याच्या पुढच्या फेरीला एकोणीस, कुठेही न अडखळता.

आबाजीने बैल थांबवले. "मैने, ह्ये कोनी शिकवलं गं?"

"बाईंनी. पानी भरताना."

"मंग शाळंत का सांगत नाय?"

"बसल्यावर जातं."

"कुटं जातं?"

पोरीने विचार केला. "ठाव नाय बा. पाय थांबलं का त्ये बी थांबतं." आणि टोपली घेऊन ती पुन्हा पळाली.

आबाजी अडाणी होता, पण मूर्ख नव्हता. तो त्या चिखलात उभा होता आणि त्याला सगळं लख्ख कळलं. बाई काय सांगत होत्या ते कळलं, आपण काय ऐकलं ते कळलं. ती वेठ नव्हती. ती बाई त्याच्या पोरीसाठी रांजण ओतत होती. उद्या जाऊन बाईंना भेटायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

आणि इथेच आबाजीचा खरा गुन्हा सुरू होतो. आधी जे झालं ते न कळून झालं, ते कुणाही बापाच्या हातून झालं असतं. पण कळल्यावर तो गेला नाही. उद्या लावणी होती. मग तण काढायची बेणणी आली, मग गौरी-गणपती आले, मग पुन्हा कापणी. शेतकऱ्याला कामाची निमित्तं काय कमी? पण रात्रंदिवस कामात असलेला माणूसही विडी ओढायला पारावर बसतोच, आणि शाळा पारापासून हाकेच्या अंतरावर होती. त्याला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ज्या दारात उभं राहून तो ओरडला होता त्या दारात जाऊन सगळ्या पोरांदेखत काय म्हणायचं? गावाला सांगितलेली गोष्ट गिळायची कशी? गोदा एकदा म्हणाली, "जाऊन या की. पाया पडायला नाय सांगत कोनी. दोन शब्द बोला आन् या." तो तिच्यावरच खेकसला. मग तिनेही तो विषय काढला नाही.

घरी तरी पोरीला फिरू द्यायचं होतं. तेही त्याने केलं नाही. कारण आता लोक म्हणू लागले होते की आबाजीने पोरगी चांगली वळणावर आणली, आणि ते ऐकायला त्याला गोड लागत होतं.

पुढच्या जूनमध्ये सरोजिनीबाईंची कशेळ्याला बदली झाली. त्या गेल्या तेव्हा आबाजी शेतावर होता. मुद्दामच होता. नवे मास्तर आले, त्यांना मैना फार आवडली. शांत मुलगी, म्हणाले. चौथीत ती नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. मास्तर म्हणाले, वागणुकीत नाव ठेवायला जागा नाही, पण डोक्यात काही शिरत नाही, घरकामाला लावा. आबाजीने मान हलवली. खुर्चीची गोष्ट त्याने नंतर काढली नाही आणि गोदानेही कधी त्याला त्यावरून चिडवलं नाही. तिने चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

मैना आता दारामागच्या कोपऱ्यात बसायची. पाय थांबले, पण बोटं थांबली नाहीत. गोधडीचे टाके एकेक करून ओढून काढायची, नखं खाऊन खाऊन अंगठे सोलले होते. सांगितलेलं काम अजूनही अर्ध्यात विसरायची. फरक इतकाच की आधी विसरून हसायची, आता विसरली की आपणहून कोपऱ्यात जाऊन बसायची.

ती तेरा-चौदाची झाली तेव्हा चिंधीने आपल्या माहेरकडच्या एका घराची माणसं आणली. सहज, पोरगी बघून ठेवायला. मैना पाण्याचा तांब्या ठेवून बसली ती बसलीच. काही विचारलं की आबाजीकडे बघायची. माणसं भली होती. निघताना त्यातल्या म्हाताऱ्याने आबाजीला बाजूला घेतलं आणि अगदी जपून विचारलं, "राग मानू नका, पन पोरगी मुकी हाय का वो?"

त्या रात्री आबाजी जेवला नाही. येत्या रविवारी त्याने मैनेला धुतलेलं परकर-पोलकं घालायला सांगितलं आणि यष्टीने तिला घेऊन कर्जतला आला, तिथून दुसऱ्या गाडीने कशेळ्याला. वाटेत ती खिडकीपाशी हाताची घडी घालून बसली होती. तो म्हणाला, "भाईर बघ की गं." मग तिने बाहेर बघितलं.

सरोजिनीबाई बाजारापासून जवळच भाड्याच्या खोलीत राहत होत्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं आणि क्षणभर त्यांचा हात दाराच्या कडीवरच राहिला. आबाजीने वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यातले दोनच निघाले. "बाई, चुकलं."

बाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मैनेला जवळ घेतलं, तिचे अंगठे बघितले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमचं एकट्याचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी यायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणालात त्यात तथ्य आहे. आमच्या लोकांनी पाणी भरून घेतलंच होतं की. मग मी तो नादच सोडला. त्यानंतर एकाही पोराला मी वर्गातून उठवलं नाही. इथे एक नवशा म्हणून आहे, अगदी मैनेसारखा. त्यालाही बसवूनच ठेवते."

आबाजीला हे नवीन होतं. त्याला वाटत होतं की आपण आपल्याच घराचं नुकसान केलं.

"तुमचे ते भाऊ," तो म्हणाला, "त्या दिशी तुमी सांगत व्हता."

"विष्णू. वडील त्याला खांबाला बांधून अभ्यासाला बसवायचे. एक दिवस घरातून गेला तो आलाच नाही. म्हणून तर मी मैनेला..." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि उसनं हसून म्हणाल्या, "अजून काही बिघडलं नाही. वय काय हिचं! मैना, उठ बघू. या अंगणात फिर आणि सतराचा पाढा म्हण. कसा वाऱ्यासारखा यायचा तुला!"

मैना उठली नाही. तिने आबाजीकडे बघितलं.

"ऊठ, माय," आबाजी म्हणाला. तरी ती घुटमळली, तेव्हा तोच उठला. तिचा हात धरून तो अंगणात उतरला आणि चालू लागला. तांबड्या मातीने सारवलेलं लहानसं अंगण ते. बाप-लेक त्यात गोल फिरू लागले. आबाजी म्हणाला, "सतरा एके सतरा. म्हन. पुढलं मला येत नाय गं, तू म्हन."

मैना त्याच्या पावलाला पाऊल जुळवून चालत होती. मान खाली, हात अंगाला चिकटलेले, एक पाऊल इकडचं तिकडं नाही. बाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. आबाजी वाट बघत होता. तिसऱ्या फेरीत मैना थांबली, आणि त्याला वाटलं, आता म्हणेल.

ती हळूच म्हणाली, "बा, नीट चालले ना मी? आता बसू?"

आबाजीला बोलायचं होतं. नको गं, बसू नको, पळ, झाडावर चढ, कळशी फोड, काय वाटेल ते कर, असं सगळं, पण ज्या बाईपुढे जायला त्याला इतकी वर्षं लाज वाटत होती, तिच्याच अंगणात, भर दुपारी, तो मोठ्याने रडू लागला. बाई धावत खाली आल्या. बापाला रडताना मैनेने कधी बघितलं नव्हतं. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ती घाबरली, आणि कुणी सांगायच्या आत खाली मातीत बसली, हाताची घडी घालून.